घरात आजारी कोण पडणार

घरमालकांचा फोन आला तेव्हा मी रबाळ्याला, कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. "साहेब, त्या कुत्रीचा काय ते बघा," ते म्हणाले. "माझा काय बी नाय, माझ्या घरी दोन हायेत. पन सेक्रेटरी मना जगू देत नाय."

आमचे घरमालक कोपरखैरण्याच्या जुन्या गावातले. त्यांच्या वडिलांच्या शेतावर आता जे टॉवर उभे आहेत, त्यातल्याच एका फ्लॅटमध्ये आम्ही भाड्याने राहतो. आमची स्वतःची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटसाठी पाडली आहे. नवी अजून खड्ड्यात आहे. पुढच्या महिन्यात अ‍ॅग्रीमेंट संपत होतं, आणि कुत्रीवाल्या भाडेकरूला एनओसी मिळणार नाही असं सेक्रेटरीने बजावलं होतं. दुसरं घर बघावं, तर एजंट आधी विचारतो मासे खाता का, मग विचारतो कुत्रा आहे का. दोन्हींची खरी उत्तरं दिली की फोन आपोआप संपतो. लांब जावं तर बायकोच्या शिकवणीची मुलं याच दोन-तीन बिल्डिंगमधली.

कुत्री माझ्या मेहुण्याची. तो तुर्भ्याला राहायचा, टेंपो चालवायचा. तापाचं निमित्त होऊन गेला. त्याच्या खोलीतून बायको त्याच्या शर्टांची पिशवी आणि ही म्हातारी कुत्री रिक्षात घालून घेऊन आली. त्यानंतर तिने भावाचं नाव घरात एकदाही काढलं नाही. रडलीही नाही. फक्त संध्याकाळी मुलं गेली की स्वयंपाकघरात फरशीवर बसते, कुत्रीच्या गोचिडी काढते आणि तिला काहीतरी सांगत राहते. मी पाणी प्यायला आत गेलो की गप्प. म्हणून मी पाणी बाहेरच प्यायला शिकलो आहे. कुत्री गेली तर ती संध्याकाळी कोणाशी बोलेल, या प्रश्नापुढे माझं डोकं चालत नव्हतं.

तोडगाही घरमालकांनीच सुचवला. कसला तरी कागद आणा, डॉक्टरचा असेल तर फारच उत्तम, म्हणाले. मुलीने मोबाइलवर शोधून सांगितलं, की अमक्या माणसाला या प्राण्याचा मानसिक आधार आहे असं पत्र परदेशात डॉक्टर देतात. आपल्याकडे त्याने कोणावर सक्ती होत नाही. पण लेटरहेडवरच्या इंग्रजीला आमचा सेक्रेटरी घाबरतो, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे.

प्रश्न एवढाच उरला, की घरात आजारी कोण पडणार? मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं. बायकोचं डोकं ठीक नाही असं कळलं, तर मुलांच्या आया शिकवणी बंद करणार. दोघींनी माझ्याकडे बघितलं. "बाबांचं काय, त्यांचं लग्न झालंय," मुलगी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी बिनविरोध निवडून आलो.

मग माझी तयारी झाली. झोप लागत नाही, छाती धडधडते, कुत्री जवळ आली की शांत वाटतं. प्रत्यक्षात मी उशीला डोकं टेकण्याआधी घोरतो, आणि कुत्री माझ्या खुर्चीत बसून माझ्यावरच गुरगुरते.

वाशीच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. "बोला काका," म्हणाल्या. मी पाठांतर म्हणून दाखवलं. त्यांनी विचारलं, कुत्री काय खाते? मला माहीत नव्हतं. लस कधी दिली? तेही माहीत नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुत्रीचं राहू द्या, काका. घरी पोचल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय करता?"

या प्रश्नाची तयारी झाली नव्हती, त्यामुळे खरं निघून गेलं. मी पार्किंगमध्ये स्कूटरवर तसाच बसून राहतो, म्हणालो. हेल्मेट काढत नाही. हेल्मेट असलं की सेक्रेटरी ओळखत नाही, कोणी काही मागत नाही. वर हॉलमध्ये शिकवणी चालू असते, बेडरूममध्ये मुलीचं ऑफिस. शिकवणी सुटली की बायको आणि कुत्री स्वयंपाकघरात. मग मी बाथरूममध्ये जाऊन पेपर वाचतो.

त्यांनी पानभर लिहिलं. मी विजयी चेहऱ्याने घरी आलो. मुलीने मोठ्याने वाचलं: या गृहस्थांवर बराच काळ ताण आहे, त्यांना विश्रांती आणि घरात स्वतःची थोडी जागा हवी, पुन्हा भेटायला यावं. कुत्रीचा कुठे उल्लेखच नव्हता.

"बाबा, कुत्रीचं काम घेऊन गेलात आणि स्वतःचं करून आलात," मुलगी म्हणाली.

म्हणजे आता मी कागदोपत्री आजारी होतो आणि कुत्री अजून बेघर.

बायकोने कागद घेऊन पुन्हा सावकाश वाचला. ती हसेल याची मी वाट बघत होतो. तिने विचारलं, "पार्किंगमध्ये का बसता?" मी काहीबाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच क्लिनिकला फोन करून वेळ घेतली.

"अगं, शिकवणी?"

"गेली मुलं तर गेली."

क्लिनिकमध्ये ती आत बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं आणि हातात पाकीट. मी काही विचारलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

तिथून सरळ गावात, घरमालकांकडे. ते ओट्यावर बसले होते, पायाशी त्यांची दोन कुत्री. बायकोने स्वतः कागद पुढे केला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "वयनी, चष्मा आत हाय. तुमीच सांगा काय लिवलंय."

मी हात पुढे केला. काहीतरी गोड बनवून सांगायची माझी तयारी होती. तिने कागद मला दिला नाही.

"लिहिलंय, की भाऊ गेल्यापासून ही बाई बरी नाही," ती म्हणाली. "घरात कोणाशी बोलत नाही, कुत्रीशी बोलते. कुत्री त्याची आहे. ती नेली तर..." आणि थांबली. "पुढचं दिसत नाहीये मला."

घरमालक आपल्या कुत्र्याचा कान खाजवत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हावा. अकरा महिने करू. सेक्रेटरीला मी बघतो."

सेक्रेटरीने एनओसी दिली, पण कुत्रीला लिफ्टबंदी केली. आम्ही पाचव्या मजल्यावर. पत्राची कॉपी सोसायटीच्या फाइलला लागली, आणि आठवड्याच्या आत दोन आयांनी कळवलं की मुलांना आता ही वेळ जमत नाही. सेक्रेटरीची बायको आमच्या हिच्याशी हल्ली मोठ्याने आणि सावकाश बोलते, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. अकरा महिन्यांनी पुन्हा हेच सगळं. नवी बिल्डिंग अजून जमिनीच्या वर आलेली नाही.

कुत्रीला पाच जिने एका दमात होत नाहीत. तिसऱ्या मजल्यावर ती बसकण मारते, बायको तिच्या शेजारी पायरीवर बसते आणि मी भाजीची पिशवी धरून दोन पायऱ्या खाली उभा. वरही जाता येत नाही, खालीही. परवा अशीच बसलेली असताना बायको सांगायला लागली, की लहानपणी भाऊ शाळेला दांडी मारून खाडीवर खेकडे धरायला जायचा आणि मार मात्र हिला बसायचा. मला सांगत होती की कुत्रीला, कोण जाणे. हाताला रग लागली होती, पण पिशवी वाजेल म्हणून मी हात बदलला नाही. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले. त्यांना वाट द्यायला आम्ही तिघंही भिंतीला सरकलो. ते गेले, आणि तिने पुढे सांगायला सुरुवात केली.