झेलणारे हात

ओल्या लोकरीचा, रबराच्या गाद्यांचा आणि दुखऱ्या सांध्यांवर चोळायच्या मलमाचा वास एकत्र आला, की टिलबर्गमधली नोव्हेंबरची ती दुपार अंगावर येते. बाहेर वादळ होतं. वारा व्यायामशाळेच्या पत्र्यावर मुठी आपटत होता आणि काचेपलीकडची झाडं कमरेत मोडल्यासारखी वाकत होती.

यान्को हा माझ्या मुलीचा, सईचा, प्रशिक्षक. मूळचा स्लोव्हेनियाचा, पायांत स्की बांधून बर्फाच्या उतारावरून हवेत झेपावणाऱ्यांतला एके काळचा विजेता, लग्नामुळे टेकडीही नसलेल्या या डच देशात येऊन राहिलेला. त्याच्या शेवटच्या उडीचं चित्रण मी एकदाच पाहिलं आहे : वाऱ्याचा एक तडाखा, हवेत उलटलेल्या स्की, आणि मग घट्ट बर्फावर पुन्हापुन्हा आदळत, मागे लाल रेघ ओढत गेलेला देह. शेजारी बसून पाहणारा यान्को एवढंच म्हणाला होता, "बर्फ दिसतो मऊ."

बर्फाविना सराव करायची त्यांची एक रीत आहे. चाकांच्या फळीवर उकिडवं बसून व्यायामशाळेतल्या लाकडी उतरणीवरून वेगाने यायचं आणि काठाशी येताच डोकं पुढे, हात मागे ठेवून स्वतःला हवेत झोकून द्यायचं. समोरचा प्रशिक्षक कमरेला धरून डोक्यावर तोलतो. त्याने झेललं नाही, तर तोंडच आधी आपटतं. उन्हाळ्यातल्या एका पडण्यापासून सई ऐन क्षणी हात पुढे आणू लागली होती. त्या दिवशीही तेच झालं, तर यंदा डोंगरावर नेणार नाही, असं यान्कोने तिला स्पष्ट सांगितलं होतं.

सईच्या आधी उडी घेणाऱ्या मुलीला झेलताना यान्कोचा पूर्वीच दुखावलेला खांदा निखळला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो पांढराफटक पडून भिंतीशी बसला, न्यायला येणाऱ्या बायकोला त्याने फोन केला आणि मग मला म्हणाला, "आता तू उभा राहा."

मी हिशेबी माणूस. सईचं वजन, फळीचा वेग आणि माझे गुडघे यांचं गणित मनात मांडून पाहिलं. ते जमत नव्हतं. सई वरून डचमध्ये म्हणाली, "बाबा, फक्त हलू नकोस."

ती आली. तिचे हात मागे होते, चेहरा उघडा होता, आणि मी एक पाऊल पुढे टाकलं. तिचं कपाळ माझ्या तोंडावर आदळलं. ओठ दातांत चिरडला, दोघंही गादीवर कोसळलो. तिच्या भुवईवर माझंच रक्त होतं.

"ती घाबरली नाही," यान्को दात आवळून म्हणाला. "तू तिला उडूच दिलं नाहीस."

सई फळी उचलून पुन्हा वर गेली. तोंडात लोखंडाची चव साठत होती. मी पाय रोवले आणि छातीवर येणाऱ्या त्या आघाताची वाट पाहत राहिलो. तो आला, हाडं करकरली, श्वास तुटला, पण तिची कंबर माझ्या तळव्यांत होती आणि ती माझ्या डोक्यावर आडवी, ताठ, तरंगत होती.

"हात मागेच होते," भिंतीकडून यान्कोचा आवाज आला.

हात मला दिसले नव्हते. दिसली ती तिची नजर. माझ्यावरून ओलांडून, मी कधीच उभा नसणार अशा कुठल्यातरी उतारावर स्थिरावलेली.