बद्द आवाजाचं पदक

गुजरीतल्या, म्हणजे सराफांच्या गल्लीतल्या, एका म्हाताऱ्या चांदी कारागिराला मी चार गिऱ्हाइकांसमोर चोर ठरवलं. त्यांनी काहीच चोरलं नव्हतं.

बायबलमधल्या गोष्टी कोरलेली जुनी जर्मन पदकं मी पंधरा वर्षं जमवतोय. नोहाच्या जहाजाचं एक चांदीचं पदक लिलावातून आलं. कुणीतरी ते गळ्यात घालायला वर कडी डाग देऊन जोडली होती. ती काढायला मी या कारागिराकडे दिलं. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते. परत घेताना सवयीनं फरशीवर टाकलं. चांदी खणखणते, हे बद्द वाजलं.

"मामा, माझं पदक कुठाय?"

"ह्ये काय, हातात हाय की."

"हे नव्हे. माझं अस्सल होतं."

"साहेब, कडी काढली, दुसरं काय न्हाय. देताना वाजवून बघितलं हुतं काय तुम्ही?"

बघितलं नव्हतं. तरी मी आवाज चढवला. एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "मामा, ह्या वयात हातसफाई व्हय?" मामा खाली मान घालून कानस चालवत राहिले. त्यानंतर त्यांच्याकडे चांदी टाकणारे लोक आधी शेजारच्या दुकानात वजन करून यायला लागले. मला ते दिसत होतं.

गेल्या महिन्यात फोटो काढताना त्याच पदकाची कड बोटांत फिरली. कडेला आतून आटे होते. दोन पातळ झाकणांची ती डबी होती, म्हणून बद्द वाजायची. आत कागदाच्या रंगवलेल्या गोल चकत्या: जहाज, पूर, जनावरांच्या जोड्या. हत्तीला घोड्याचे पाय होते. मी घरभर नाचलो. इतक्या वर्षांत असं काही माझ्या हाती लागलं नव्हतं. मग मामा आठवले आणि मी खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत गेलो. चकत्या काउंटरवर मांडल्या. माणसं वाकली.

"हत्ती हाय का घोडं?"

"तुझा सासरा हाय, नीट बघ."

मामांनी भिंगातून आटे पाहिले, झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "काय हात आसंल गड्याचा," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, पदक हेच होतं. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला चोर म्हणालो. चूक माझी होती. मला माफ करा."