पूजेला बसवलेल्या चाव्या

इंजिनीअर झालो तेव्हा बंगळूरच्या चामराजपेटेतल्या घरी आईनं गल्लीभर पेढे वाटले. मग नोकरी कसली ते कळलं. कापडगिरणीत आग लागू नये आणि लागलीच तर लवकर विझावी, याची व्यवस्था बघायची. मामा म्हणाले, "अरे, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत करू नकोस म्हणजे झालं!" सगळे खो खो हसले. मीही हसलो. काळ्या जिभेची म्हण, खरी व्हायची होती.

गिरणीत माझ्या हाताखाली अण्णा होते. पंपावरचे जुने फिटर, माझ्या वडिलांच्या वयाचे. आमच्यासारखीच घरी मराठी, पण चार शब्दांत एक कन्नड. मी पुस्तकातलं काही सांगायला लागलो की म्हणायचे, "सरी साहेब, सरी, बरोबर आहे. आता स्वल्प इकडं या, प्रत्यक्ष बघा." खरं काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. ते गिरणीच्या चाळीत राहायचे, त्यांची बायको अक्का आणि ते, दोघंच. मूलबाळ नाही. अक्का माझ्यासाठी डब्यात चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, पाठवायच्या.

गिरणीच्या आवारात जमिनीखालून पाण्याचे मोठे नळ गेले होते. ते उघडायला कमरेएवढी उंच लोखंडी चावी लागायची. अशा दोनच चाव्या. एक पंपाशी, दुसरी कापसाच्या गोदामाबाहेर लाल पेटीत. पेटीतली चावी हलवायची नाही, हलवेल तो जबाबदार, हा नियम मीच लिहिला आणि टाइप करून भिंतीवर लावला.

पण आयुधपूजेपुढं बंगळूरात कुणाचं काय चालतं! खंडेनवमीला यंत्रं थांबायची, धुवून-पुसून त्यांना हळदकुंकू लागायचं, दारात कोहळा फुटायचा. हत्यारं देवीपुढं बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. पंपाजवळची चावी अण्णा दरवर्षी पूजेत ठेवायचे. पेटीतली कधीच नाही.

त्या वर्षी मालक स्वतः पूजेला येणार होते, फोटोवाला येणार होता. आपल्या खात्याची मांडणी उठून दिसावी, असं माझ्या डोक्यात शिरलं. चावी एकटी, उघडी-बोडकी दिसत होती. मी म्हणालो, "अण्णा, जोडी ठेवू. दुसरीही आणा."

ते जागचे हलले नाहीत. "नको साहेब. गोदामात कापूस छताला टेकलाय. एक तरी पेटीत असू दे."

"काय हो अण्णा, देवीवर भरवसा नाही का?" मी चेष्टेनं म्हणालो. मीच गेलो, पेटी उघडली, चावी आणली, तिला झेंडूचा हार घातला. अण्णा बघत राहिले. तिथं दुसरं कुणी नव्हतं. फोटो छान आला. पूजा आटोपली, पूजेच्या हॉलला कुलूप लागलं, किल्ली खिशात टाकून कारकून जयनगरला सासऱ्याकडं जेवायला गेला.

दुपारी मी घरी पुरणपोळीवर तूप घेत होतो तेव्हा गिरणीचा शिपाई सायकल फेकून दारात आला. मी हात न धुता निघालो.

पोचलो तेव्हा गोदामातून धूर लोटत होता. अण्णा पहिल्यांदा नळाकडं धावले होते, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. पाना लावला, हातांनी फिरवून बघितलं, हात सोलून निघाले, नळ हलला नाही. पहारेकरी हॉलचं कुलूप फोडायला गेले. गोदामाच्या मधल्या भिंतीत लोखंडी दरवाजा होता, तो उघडा होता. आग पलीकडं गेली तर सगळी गिरणी जाईल, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. तोंडाला ओला पंचा बांधून ते आत शिरले. दरवाजा लागला. पलीकडचं गोदाम वाचलं. अण्णा बाहेर आले नाहीत. कुलूप तुटून चावी आली तेव्हा तिच्या गळ्यात हार तसाच होता.

आठवड्यानं मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. तिघे बसले होते, समोर माझाच टाइप केलेला नियम. एकानं विचारलं, "पेटीतली चावी कुणी काढली?"

नोकरी दिसली, आई दिसली, हसणारे मामा दिसले. मी म्हणालो, "अण्णांनी."

एवढंच. तीन शब्दसुद्धा लागले नाहीत. लगेच लिहून घेतलं. मयतानं स्वतःच नियम मोडला, तेव्हा गिरणी काही देणं लागत नाही आणि चाळीतली खोलीही महिन्यात रिकामी करावी, असं ठरलं. मी खाली सही केली. लाज कशी वाटली नाही, विचारू नका. वाटली, आणि तरी केली.

खोली सोडायच्या दिवशी अक्का माझ्या टेबलापाशी आल्या. भावाकडं हुबळीला निघाल्या होत्या, हातात एक ट्रंक. उभ्यानंच म्हणाल्या, "साहेब, एक विचारते. ह्यांनी जन्मात नियम मोडला नाही. ती चावी खरंच ह्यांनीच काढली का हो? तुम्ही सांगाल ते मी मानीन."

तेवढाच त्यांचा प्रश्न होता. नवऱ्याचं नाव तेवढं त्यांना स्वच्छ हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच. खरं बोललो असतो तर भिंतींशिवाय कुणी ऐकलं नसतं.

"हो, अक्का," मी म्हणालो.

त्यांनी ट्रंक खाली ठेवली, मला, त्यांचा मुलगा शोभेल अशा माणसाला, हात जोडले. "मग त्यांच्या चुकीपायी तुम्हाला बोलणी खावी लागली असतील. त्यांच्या वतीनं मी माफी मागते. मनात ठेवू नका."

आणि मी म्हणालो, "असू द्या."