बिनआवाजाच्या गप्पा

जिनात राबणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कापसाच्या तंतूसारखे ते लुगड्याला, केसांना, भुवयांना चिकटून आपोआप घरी येतात! आम्ही तिघी, मी, कौसल्या आणि यमुना, मलकापूरच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मशिनींना कापूस भरवायचो. माझी भाची सिंधू मास्तरीण. एका रविवारी ती शाळेचा टेपरेकॉर्डर घेऊन माझ्या ओसरीवर आली. "मावशी, तुम्ही मैत्रिणी बोला, मी भरून घेते."

बोला म्हणे! हे आम्हाला सांगावं लागतं?

*

सिंधूनं पहिल्यांदा कौसल्याला विचारलं, "नाव सांगा."

कौसल्यानं टेपकडं बघून पदर सावरला. "ह्या डब्याले माहं नाव काऊन पाह्यजे? आधी त्याले म्हणा, तुहं सांग!"

*

मग विषय मुकादमावर आला. आम्ही तासभर त्याची सालं काढली, पोट धरधरून हसलो. सिंधूनं टेप लावला, तर नुसती खरखर आणि मधूनच तिघींचं खिदळणं.

"मावशी, टेप बिघडला!"

बिघडला कसला! जिनात मशिनींचा एवढा गदारोळ, की आवाज काढून उपयोग नाही. आम्ही ओठांनीच बोलतो, ओठांवरूनच समजतो. आणि मुकादमाचं नाव निघालं की घरीसुद्धा आवाज आपोआप बंद!

*

त्याच मुकादमानं यमुनाला कामावरून काढायचा घाट घातला होता. तिला कमी ऐकू यायचं, हे खरं. पण नवरा गेलेला, पदरात दोन लेकी. जिन सुटलं तर भावजयीच्या दारात उभं राहायचं. जेवणाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या, तेव्हा मुकादम कागद घेऊन आला. "यमुने, लाव अंगठा. हजेरीचा कागद आहे."

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. कापसाच्या गाठींवरच्या शिक्क्यांवरून अक्षरं शिकले आणि कुणाच्या बापाला विचारून नाही शिकले! कागद ओढून मोठ्यानं वाचला, "मी राजीखुशीनं काम सोडत आहे."

म्हटलं, "मुकादम, तुमी एवढे राजीखुशी आहात, तं तुमीच लावा अंगठा!"

*

मग त्यानं मोठ्या साहेबांचे कान भरले, "बाई बहिरी आहे जी, एखाद्या दिवशी हात जाईल मशिनीत." साहेब म्हणाले, मीच बघतो.

पुढचं यमुनानं स्वतः टेपवर सांगितलंय, मुकादमाचं नाव घेऊन, चांगल्या खणखणीत आवाजात.

साहेब आले, सगळ्या मशिनी चालू. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली इथं?" यमुनानं अकरा बोटं दाखवली, दहा स्वतःची, एक कौसल्याचं!

साहेब हसले आणि मुकादमाकडं वळून काहीतरी बोलले.

मुकादम ओरडला, "काय म्हणलं जी?"

साहेब पुन्हा बोलले.

"काय जी?"

साहेब मान हलवून निघून गेले. यमुनानं हातातला कापूस खाली ठेवला, मुकादमाला बाहीला धरून बाहेर अंगणात आणलं आणि सांगितलं, "पह्यल्यांदा साहेब म्हणले, बाई कामावरच राहील. अन् दुसऱ्यांदा म्हणले, मुकादम, तुमाले कवापासून ऐकू येत नाही?"