कोऱ्या पानावरच्या सह्या

"सरपंचबाई, चहा आणा जरा."

ग्रामसभा चालू होती. माझ्या खुर्चीत बसून गावचे पुढारी भाऊ बोलले. कोणी हसलंसुद्धा नाही, कारण कोणाला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी उठले आणि चहा आणला. सरपंच मी होते.

घोटीच्या वर डोंगरात आमचा पाडा. सरपंचपद आदिवासी बाईला राखीव झालं, तेव्हा भाऊच घरी आले. गावचा कारभार वर्षानुवर्षं त्यांच्या मुठीत. नवऱ्याला म्हणाले, "बायकोला उभी कर. तिला काय करायचं नाय, मी हाय ना."

खरंच काही करायचं नव्हतं. शिपाई सभेआधीच वही घेऊन घरोघर फिरायचा. कोऱ्या पानावर सगळ्यांच्या सह्या, अंगठे, शेवटी माझी सही. भाऊ सांगतील तो ठराव मागाहून वर लिहिला जायचा. आम्हाला वाटायचं, हीच रीत. सांगायला लाज वाटते, पण मला त्या सहीचा रुबाब वाटायचा.

मग एका सकाळी आमच्या झऱ्याभोवती तारेचं कुंपण दिसलं. तिथे रिसॉर्ट होणार होतं. मुकादमाने कागद दाखवला. ग्रामसभेची हरकत नाही, खाली माझी सही. थोरली जाऊ हंडा घेऊन मागे उभी होती.

"तूच दिलं का गं पाणी?"

भाऊंच्या चहापेक्षा हे जास्त लागलं. कारण मीच दिलं होतं.

पुढच्या सभेची वही आली तेव्हा मी शिपायाला म्हटलं, "आधी ठराव लिहा. सभेत वाचा. मग सही."

संध्याकाळी भाऊ दारात. "नऊपैकी सात मेंबर माझे हायत. अविश्वास आणला तर घरी बसशील." नवरा मान खाली घालून उभा. तो त्यांच्याच भातगिरणीत कामाला.

प्रशिक्षणाचं पुस्तक माझ्या नावाने यायचं आणि ऑफिसच्या कपाटात पडायचं. ते घरी आणून वाचलं. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्यात पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. आम्ही पाड्यातली सगळी कुंपणाशीच बसलो, पाड्याची वेगळी ग्रामसभा हवी असा ठराव सगळ्यांसमोर लिहिला, वाचला, प्रांतसाहेबांकडे दिला.

अजून उत्तर नाही. कुंपण तसंच आहे. नवऱ्याचं काम सुटलं. अविश्वासाची नोटीस आली आहे.

पद जाईल. जाऊ दे. पाड्यातली बाई म्हणून मी प्रत्येक सभेला बसणार, आणि ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय एकीलाही सही करू देणार नाही.