कवळीवाल्याची पाच मिनिटं

लोकांना कवळ्या करून देणाऱ्या माणसाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्टँड-अप कॉमेडी शिकायची हुक्की आली, त्याचा दोष मेहुण्याला द्यावा. कवळीवाला नुसतं "मीठ द्या" म्हणाला तरी हा मेहुणा मांडीवर थाप मारून हसायचा. अशा हसण्याने भलीभली माणसं बिघडतात.

तशी त्याची हौस खरी होती. तीस वर्षं त्याच्याकडे लोकांची तोंडं प्लास्टरच्या साच्यात यायची, माणूस कधी यायचा नाही. एकदा तरी ती तोंडं समोर बसून हसताना बघायची होती.

शिकवणी लाँड्रीवरच्या खोलीत. शिकवायला दोघं: बावीस वर्षं स्टेज गाजवलेली मावशी आणि तिचा जोडीदार, ज्याला सगळे बारीक म्हणत. दारातून आत यायला या बारीकला अंग तिरकं करावं लागायचं, यावरून काय ते समजा. त्यांचा नियम सरळ होता. सहा आठवडे शिका, मग रविवारी दुपारी चारला लोकांसमोर पाच मिनिटं. लोक हसले तर त्यांच्या विनोदी गटात जागा, नाही तर रामराम.

पहिल्याच दिवशी कवळीवाल्याने नवी कवळी घालताच शिंकलेल्या हेडमास्तरांचा किस्सा सांगितला. घरी या किश्श्यावर माणसं लोळली होती. मावशीने पेन चावत म्हटलं, "विनोदी आहे." चेहरा मात्र रेशनच्या रांगेत ताटकळल्यासारखा. बारीक म्हणाला, "हं. चालेल."

"हसले का?" घरी बायकोने विचारलं.

"नाही. विनोदी आहे म्हणाले."

"मग हसले का नाहीत?"

"तेच तर कळत नाहीये!"

त्याने किस्सा वहीतून खोडला. जुन्या विनोदी माणसांची खोडच ही, विनोद पटला की हसत नाहीत, डॉक्टरसारखं निदान सांगतात. पण हे त्याला सांगणार कोण? दर आठवड्याला ती दोघं "विनोदी आहे" म्हणत आणि हा बिचारा खोडत सुटे. एकदाच दोघं खदखदून हसली: माइकचा दांडा सर्रकन खाली बसला आणि त्याच्यामागे हाही वाकत गेला तेव्हा. तेवढं मात्र त्याने वहीत जपून ठेवलं.

रविवारी तिसऱ्या रांगेत बायको आणि मेहुणा. कवळीवाल्याने मुद्दाम दांडा पाडला, मुद्दाम वाकला. सभागृह गार. मेहुणासुद्धा काळजीने हसायचं विसरला. दीड मिनिटात सगळं आटोपलं.

"माझं संपलं," तो म्हणाला. कुणी हललं नाही. "म्हणजे, होतं अजून. पण ते या दोघांना आवडलं नाही!" त्याने मागे उभ्या मावशीकडे बोट केलं. "सहा आठवडे मी बोलतोय आणि ही बाई अशी बघतेय." त्याने तो चेहरा करून दाखवला. "माझ्या दुकानातले साचे याहून जास्त हसतात हो!"

लोकांना हसू फुटलं.

"हसताय काय? मी तक्रार करतोय! आता तुम्हीच सांगा, हेडमास्तर शिंकले, यात वाईट काय?" आणि पुरावा म्हणून त्याने खोडलेले सगळे किस्से एकामागून एक लोकांसमोर मांडले. पाच मिनिटं कधी उलटली, त्याला कळलंच नाही.

"जागा तुझी," मावशी नंतर म्हणाली. "पुढच्या रविवारी अगदी हेच कर."

"पण मावशी, मी खरंच भांडत होतो."

"तसंच भांड. आणि ते किस्से खोडलेस कशाला? विनोदी आहेत म्हणाले होते ना मी?"

कवळीवाला जिन्यात वही उघडून बसला. "मी आधी काय म्हणालो गं?"

"मला काय विचारता? हसून डोळ्यांत पाणी, मला स्टेजसुद्धा दिसत नव्हतं," बायको म्हणाली.

"मला वाटलं खरोखरची मारामारी होणार," मेहुणा म्हणाला. "मी बाह्या सरसावून तयार होतो, भाऊजी."

कवळीवाल्याने लिहिलं: 'मावशीवर रागावणे.' मग पेन्सिल थांबली. जागा मिळाली होती, मावशी आता देवमाणूस वाटत होती, आणि राग तर औषधालाही उरला नव्हता. रविवारपर्यंत तो आणायचा कुठून?