बडोद्यातला फणस

काल नातीने कुडपणहून पिकलेला फणस आणला. महाडच्या आमच्या घरभर त्याचा वास सुटला आणि मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातलं बडोदं आठवलं.

लॉजचा खर्च नको म्हणून आम्ही ह्यांच्या आत्याकडे उतरणार होतो. सासूबाईंनी त्यांच्यासाठी हा एवढा फणस दिलेला. पोचलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, संध्याकाळी येतील. मग काय, दोघांनी दोन बाजूंनी फणस धरला आणि निघालो शहर बघायला! मला एकच गोष्ट बघायची होती, संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा. तिथे पोचेस्तोवर दुपार कलली. पहारेकरी नाक दाबून म्हणाला, "ये अंदर नहीं जाएगा."

"तू बस गो याच्यापाशी, मी आलोच," म्हणून हे आत गेले. मी पायरीवर. फणसाचे काटे पोटरीला टोचतायत, माशा दोघांवरही सारख्याच बसतायत. तासाभराने हे डुलत आले. "नुसती हाडं हायत. नाय बघितलीस तरी चालंल." तोवर तिकिटाची खिडकी बंद झालेली. मी रागाने लाल झाले, आणि माझ्या बाजूने फणस उचलला.

मी ही गोष्ट सांगितली तशी नात म्हणाली, "आजी, तिथेच फोडून खायचा ना!"

"हाताला लावायला तेल कुठे होतं?" मी ठसक्यात म्हटलं. खरं म्हणजे तेव्हाच्या त्या बावळट सूनबाईला एवढं सुचलं असतं, तर तिने सांगाडा बघितला नसता का?